नेमकं अडतंय कुठे?

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. "मावशी, जागी आहेस ना? मला कॅमेरा घ्यायचाय. पैसे साठलेत. कोणता घेऊ ते सांग, मी उद्याच मागवते."

गेल्या वीस वर्षांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. पूर्वी मी लगेच उत्तर द्यायचे. बजेट विचारायचे, दोन-तीन मॉडेलांची नावं सांगायचे, त्यातलं एक घेतलं जायचं आणि कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचं समाधान मला मिळायचं. मग वर्षा-दोन वर्षांनी त्याच घरी जाणं व्हायचं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात तो कॅमेरा बॅगेसकट दिसायचा, पट्ट्याची कारखान्यातली घडीसुद्धा मोडलेली नसायची. कॅमेरा चांगलाच असायचा, माणसालाही आवड असायची. दोघांची गाठ मात्र मी चुकीची घालून दिलेली असायची, आणि ते मनाला लागायचं. कष्टाने साठवलेला पैसा असा पडून राहिला की त्याच्यासोबत हौसही विझत जाते. 'आपल्याला फोटोग्राफी जमत नाही' असं माणूस स्वतःबद्दल ठरवून टाकतो. पैशापेक्षा मला त्याचं दुःख जास्त व्हायचं.

म्हणून आता मी मॉडेल सांगत नाही. भाचीलाही उलट विचारलं, "आत्ता जे फोटो काढतेस ते नेमके कुठे अडतात?"

"अडतात म्हणजे?"

"म्हणजे डोळ्यांनी एक दिसत होतं आणि फोटोत दुसरंच आलं, असं कधी होतं? आणि कशामुळे होतं?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "तसं नीट कधी बघितलं नाही गं."

"मग आधी बघ. रविवारी ये. तोवर फोनमधला एकही फोटो पुसू नकोस. बिघडलेले तर मुळीच नको."

बिघडलेले फोटो फार मोलाचे असतात. आपण ते पटापट पुसून टाकतो आणि चांगले तेवढे जपतो. पण काय विकत घ्यायचं याचं उत्तर त्या पुसलेल्या फोटोंतच असतं. हललेला फोटो वेगळं सांगतो, अंधारलेला वेगळं, आणि ज्यात हवी ती वस्तू मोहरीएवढी आली आहे तो आणखी वेगळं. प्रत्येकाचा इलाज निराळा आहे आणि प्रत्येकाला लागणारे पैसेही निराळे.

हे मला माझ्याच चुकीतून कळलं. काही वर्षांपूर्वी मी एक मोठी झूम लेन्स घेतली, १५० ते ६०० मिलिमीटरची. पक्ष्यांचे फोटो काढायचे असं मनाने घेतलं होतं. इतरांनी काढलेले फोटो बघून भारावून गेले होते. पिसाचा तंतू न् तंतू मोकळा, डोळ्यात आभाळाचा ठिपका. लेन्सचं वजन होतं सुमारे २ किलो, त्यावर बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, वेगळी. पहिल्या महिन्यात चारदा पहाटे बाहेर पडले, दुसऱ्या महिन्यात एकदा. पुढे दमट हवेचे महिने आले आणि लेन्स बॅगेत, बॅग कपाटात अशी राहून गेली. बऱ्याच महिन्यांनी बाहेर काढली आणि खिडकीशी धरली, तर काचेच्या आतल्या बाजूला कोळिष्टकासारखे बारीक पांढरे धागे पसरलेले. फंगस. अंधार, ओल आणि बंद हवा मिळाली की ही बुरशी काचेवर वाढते. वेळीच साफ झाली नाही तर तिच्यातून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप कायमचा खातं. मी ती लेन्स हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिले. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला पहाटे उठून तासन् तास दडून बसणारं माणूस हवं होतं आणि ते माणूस मी नव्हते.

त्या रात्री मी एक काम केलं, आणि कुठलीही खरेदी करण्याआधी सगळ्यांनी ते करावं असं मला मनापासून वाटतं. डिजिटल कॅमेरा असो की फोन, प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये त्याची कुंडली लिहिलेली असते: कोणत्या फोकल लेन्थवर काढला (मिलिमीटरचा आकडा, जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), अपर्चर किती (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक), शटर किती (उजेड किती वेळ आत आला), आयएसओ किती (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला). मी माझ्या आवडीचे शंभरेक फोटो बाजूला काढले आणि ही माहिती एकेक करून वाचत गेले. ६०० मिलिमीटरवरचा त्यात एकही नव्हता. बहुतेक सगळे ३५ ते ५० च्या दरम्यानचे. म्हणजे माणसांच्या जवळ उभं राहून, हाताच्या अंतरावरून काढलेले.

त्यातला एक आजीचा. खिडकीशी बसून ती सुईत दोरा ओवत होती. चष्मा कपाळावर सरकवलेला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलेलं, डावा डोळा मिटलेला. उजेड फक्त एका बाजूने येत होता, त्यामुळे बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या खोदल्यासारख्या दिसत होत्या आणि सुईचं टोक पांढऱ्या ठिणगीसारखं. मागची खोली काळोखात गेली होती. तो फोटो मी एका जुन्या, साध्या ५० मिलिमीटर लेन्सने काढला होता. त्या बॅगेतली सगळ्यात स्वस्त वस्तू ती.

मी जवळून बघणारी बाई आहे. दहा वर्षं फोटो काढत असूनही हे मला त्या रात्रीपर्यंत कळलं नव्हतं.

रविवारी भाची आली. येताना मनात पक्कं ठरवून आली होती की फुल फ्रेम कॅमेराच, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (सेन्सर ही आतली उजेड टिपणारी चकती), घ्यायचा, कारण 'कमी उजेडात तोच लागतो' असं तिने सगळीकडे वाचलं होतं. मी तिचा फोन मागून घेतला आणि आम्ही बिघडलेले फोटो बघायला बसलो.

ती नाचते, आणि तिच्या मैत्रिणींच्या तालमींचे फोटो काढते. मला वाटलं होतं फिरायला गेल्याचे, झाडापानांचे फोटो असतील. तसे होतेही, पण ते फोनने छान आले होते आणि त्यांच्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. भरपूर उजेड असेल, समोरचं हलत नसेल आणि फोटो पडद्यावरच बघायचा असेल तर आजचा फोन कुठे कमी पडत नाही. अशा फोटोंसाठी कुणी वेगळा कॅमेरा घ्यायला निघालं तर मी त्याला थांबवते. तालमीचे फोटो मात्र एकजात बिघडलेले. बंद खोली, वर दोन ट्यूबलाइट, गिरकी घेणारी मुलगी आणि तिच्या हातांच्या जागी नुसता फिकट पट्टा. चेहरा ओळखू येतो, पण डोळे पुसल्यासारखे.

"इथे अडतंय," ती म्हणाली. "उजेड कमी आहे."

"उजेड कमी आहे हे खरं. पण हलतंय काय? तुझा हात की ती?"

तिने फोटो मोठा करून बघितला. मागच्या भिंतीवरच्या वायरी स्वच्छ दिसत होत्या. म्हणजे हात स्थिर होता, नाचणारी हलत होती. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण हजारो लोक इथे चुकीची वस्तू विकत घेतात. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये कंप रोखणारी यंत्रणा असते, ती आपल्या हाताचा थरकाप शोषून घेते. संध्याकाळच्या इमारती, शांत बसलेला माणूस, दगडी कोरीवकाम यांना ती वरदान आहे. नाचणाऱ्या मुलीला तिचा काही उपयोग नाही. तिथे एकच इलाज, शटर लवकर मिटायला हवं. आणि शटर लवकर मिटायचं तर तेवढ्या क्षणात पुरेसा प्रकाश आत यायला हवा.

माझ्याकडे एक जुनी क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरची, बॉडी आहे, तिच्यासोबत आलेली १८ ते ५५ ची किट लेन्स आहे आणि तीच ती ५० मिलिमीटरची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेन्थची लेन्स. दिवेलागणीला आम्ही खोलीतला एकच दिवा ठेवला. आधी किट लेन्स लावली. ती ५० च्या आसपास नेली की अपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ ३२०० ठेवला, तरी शटर आलं १/३० सेकंद. भाचीला म्हटलं, हात फिरव. फोटोत तोच पट्टा. मग प्राइम लावली, एफ १.८ वर. तोच दिवा, तोच आयएसओ. शटर गेलं १/३०० च्या घरात. तिने पुन्हा तसाच हात फिरवला आणि पडद्यावर तिची पाचही बोटं वेगवेगळी, मधल्या बोटातली अंगठी आणि अंगठीतला खडासुद्धा.

"हे कसं?" तिने कॅमेरा माझ्या हातातून घेतला.

मी कागद घेतला. एफ नंबर म्हणजे फोकल लेन्थला भोकाच्या व्यासाने भागून येणारा आकडा. ५० ला १.८ ने भागलं की भोक सुमारे २८ मिलिमीटर रुंद. ५.६ ने भागलं की जेमतेम ९ मिलिमीटर. एक खिडकी दुसरीच्या तिप्पट रुंद आहे, आणि उजेड येतो तो क्षेत्रफळातून, म्हणून साधारण दहापट. आकडा लहान तितकी खिडकी मोठी, हा उलटा हिशेब सुरुवातीला सगळ्यांनाच गोंधळात टाकतो, पण एकदा व्यास काढून बघितला की पुन्हा कधी विसरायला होत नाही.

मग तिच्या फुल फ्रेमचा हिशेब मांडला. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. क्रॉप सेन्सर, म्हणजे एपीएस-सी, साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळं काढली तर ८६४ आणि ३६७. सव्वादोन पटींपेक्षा थोडं जास्त. म्हणजे तेच अपर्चर ठेवून नुसता सेन्सर मोठा केला तर प्रकाश सव्वादोन पट मिळणार, आणि किट लेन्स काढून ती छोटी प्राइम लावली तर दहापट. आणि फुल फ्रेमची बॉडी त्या प्राइमच्या कित्येक पट महाग.

फुल फ्रेम वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. ज्यांचा फोटोंवरच चरितार्थ आहे, अंधाऱ्या सभागृहात ज्यांना एकही क्षण हुकवून चालत नाही, ज्यांचे फोटो भिंतभर छापले जातात, त्यांच्यासाठी तो पैसा योग्य जागी जातो. माझं म्हणणं इतकंच की तिचा फोटो जिथे अडला होता तिथला अडथळा लेन्सने दूर होत होता आणि ती पैसे बॉडीत घालायला निघाली होती.

या 'फुल फ्रेम' शब्दाची एक गोष्ट मला फार आवडते आणि ती मी तिला सांगितलीच. जर्मनीत सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा त्रास होता. त्या काळचे काचेच्या प्लेटा वापरणारे जड कॅमेरे आणि त्यांचं लटांबर घेऊन डोंगर चढणं त्याला झेपत नव्हतं. म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, ती आडवी धावेल असा खिशात मावणारा कॅमेरा घडवला आणि सिनेमाच्या १८ बाय २४ च्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे २४ बाय ३६ ची चौकट ठेवली. पहिला नमुना १९१३-१४ मधला. महायुद्धामुळे काम रखडलं आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आला. आज जिला आपण 'पूर्ण' चौकट म्हणतो तिला तेव्हा 'चिमुकली' म्हणत, आणि इतक्या लहान निगेटिव्हमधून काय फोटो निघणार असं भल्याभल्यांना वाटायचं. पुढे त्याच चिमुकल्या चौकटीवर, बहुतेक वेळा एकाच ५० मिलिमीटरच्या लेन्सने, आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने अनेक दशकं फोटो काढले.

बार्नाकला नेमकं कुठे अडतंय ते ठाऊक होतं. त्याचं अडत होतं छातीत, चढावर.

वजनाचा विचार कॅमेरा घेताना फार कमी लोक करतात, आणि घेतल्यावर मात्र तोच सगळ्यात आधी जाणवतो. दुकानात दोन मिनिटं धरलेला कॅमेरा जड वाटत नाही. मी एक साधा उपाय सांगते. जी बॉडी आणि ज्या लेन्सा घ्यायच्या मनात आहेत त्यांची वजनं शोधा, बेरीज करा आणि तितक्या वजनाच्या पाण्याच्या बाटल्या खांद्याच्या पिशवीत घालून एक सबंध दिवस फिरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशेब सोपा आहे. संध्याकाळी खांदा काय म्हणतो ते ऐका. माझ्या एका मैत्रिणीने हे केलं आणि मायक्रो फोर थर्ड्सचा छोटा कॅमेरा घेतला. त्याचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर, म्हणजे फुल फ्रेमच्या पाव भागाहून जरासा मोठा. पण त्यामुळे लेन्साही लहान, अख्खा संच एका लहान पिशवीत मावतो. ती पाठीच्या दुखण्यातून उठलेली आहे. आता रोज फिरायला जाताना कॅमेरा सोबत नेते, आणि तिचे धुक्यातल्या झाडांचे फोटो बघताना सेन्सर केवढा हे मला एकदाही आठवलेलं नाही.

हातात धरून बघणंही तितकंच गरजेचं आहे. बोट शटरवर आपसूक पडतं का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, चारही कोपरे दिसतात का, अंधारात न बघता आयएसओची कळ सापडते का. या गोष्टी कुठल्याही तक्त्यात नसतात. आणि एखादा कॅमेरा हातात घेतल्याक्षणी आवडला, त्याच्या चकत्या फिरवताना बरं वाटलं, तर तेही मी गरजेतच धरते. आवडीची वस्तू माणूस घराबाहेर नेतो.

मेगापिक्सेलची चिंता मात्र मी भाचीला दोन मिनिटांत सोडायला लावली. ए-४ आकाराच्या कागदावर उत्तम छपाई करायची, इंचाला ३०० ठिपक्यांनी, तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलच्या आसपास. फोर-के पडदा पूर्ण भरायला त्याहूनही थोडे कमी. आज साध्यातल्या साध्या कॅमेऱ्यातही २० ते २४ असतात. दूरचा पक्षी कापून मोठा करायचा असेल किंवा प्रचंड छपाई करायची असेल तरच यापुढे जावं. त्या फाइली साठवायला जागाही तितकीच लागते, आणि तो खर्च खरेदीच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

अशा न आठवणाऱ्या खर्चांविषयी मी जरा हट्टी आहे. माझ्या मते हातातल्या रकमेच्या अर्ध्याहून जास्त बॉडीत घालू नये. लेन्स चांगली असेल तर ती दोन-तीन बॉड्या पाहते. बॉडी जुनी होते, लेन्स क्वचितच होते. उरलेल्यात एक जादा बॅटरी हवी, कारण मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे बॅटरी भराभर संपवतात. बऱ्यापैकी मेमरी कार्ड हवं. व्हिडिओ करणार असाल तर कार्डावर व्ही ३० लिहिलेलं बघावं, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी असते. फोटोंची दुसरी प्रत ठेवायला हार्ड डिस्क हवी. आणि घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत ओल मोजणारा छोटा मीटर. चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता राहिली की फंगसची भीती नाही. ही शेवटची गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते. ती लेन्स हातात घेऊन बसलेली रात्र अजून आठवते.

ट्रायपॉड सगळ्यांना लागत नाही. रात्रीचं आभाळ, पहाटेचं पाणी, घरातल्या वस्तूंचे निवांत फोटो यांना तो हवाच, आणि मग बळकट हवा. वाऱ्यावर डुगडुगणारा ट्रायपॉड घेण्यापेक्षा भिंतीवर कॅमेरा टेकवलेला बरा. फ्लॅशचंही तसंच. छतावर किंवा भिंतीवर उडवून आणलेला फ्लॅशचा उजेड फार सुंदर असतो आणि तुलनेने स्वस्तात मिळतो. पण तालमीत, नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर तो सारखा मारणं बरं नाही. भाचीने स्वतःच नको म्हटलं.

तिच्या बजेटचं काय करायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो. मी तिला सेकंडहँड घ्यायला सुचवलं आणि तिचा चेहरा पडला. नव्याकोऱ्या खोक्याची अपेक्षा होती, तेही साहजिक आहे. पण सध्याचा काळ त्यासाठी फार चांगला आहे. आरसा असलेल्या डीएसएलआरकडून लोक मिररलेसकडे वळले आहेत, त्यामुळे उत्तम अवस्थेतल्या डीएसएलआर बॉड्या आणि लेन्सा जुन्या बाजारात उतरल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा लेन्सा पुढे ॲडाप्टर, म्हणजे मधलं जोडकडं, लावून मिररलेसवरही चालतात. कारण सरळ आहे. आरशाला जागा लागायची, म्हणून जुन्या कॅमेऱ्यांत लेन्स सेन्सरपासून दूर बसायची. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायचं कडं) हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, नव्या झेड माउंटमध्ये ते १६ वर आलं. मधली मोकळी जागा ॲडाप्टरने भरता येते. मात्र ऑटोफोकस नीट चालतो का हे प्रत्येक जोडीसाठी वेगळं तपासून घ्यावं.

जुनी लेन्स घेताना मी सोबत छोटा टॉर्च नेते. लेन्सचं अपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने उजेड टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, तिला घाबरायचं कारण नाही. धागे दिसले की परत द्यायची. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक आहे का, कड्यावरच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली आहेत का, म्हणजे कुणी आधी उघडून बघितली आहे का, तेही बघायचं. बॉडी असेल तर एफ १६ लावून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढायचा, सेन्सरवरचे डाग त्यात लगेच उमटतात. शटर आजवर किती वेळा उडालं आहे हा आकडा विचारायचा. अनेक बॉड्यांचं शटर लाख-दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. विकणारा माणूस हे सगळं शांतपणे करू देतो की घाई करतो, त्यावरूनही बरंच कळतं.

मात्र त्या दिवशी आम्ही काहीच मागवलं नाही. माझी जुनी बॉडी आणि ती ५० ची प्राइम मी तिला आठवडाभर वापरायला दिली. कुणी ओळखीचं नसेल तर भाड्यानेही मिळते, आणि ते भाडं वाया गेलं असं मी कधी मानत नाही. "रोज तालमीला घेऊन जा," म्हटलं. "आणि कुठे अडतंय ते बघून ये."

गुरुवारी ती थेट तालमीवरून आली. दारातच कॅमेरा माझ्यापुढे धरला. फोटो स्वच्छ होते. उडालेल्या वेणीचं टोक, टाचेवरची धूळ, गिरकीच्या मध्यावर एका मुलीने दातांत धरलेला खालचा ओठ. एक चेहरा तर इतका जिवंत होता की मी तो बराच वेळ बघत राहिले. पण पूर्ण नाच एकाही फोटोत नव्हता. कुठे पावलं कापलेली, कुठे वर गेलेला हात मनगटापाशी तुटलेला.

"मावशी, जागाच पुरत नाही गं," ती म्हणाली. "किती मागे जाणार? भिंत येते."

आम्ही पुन्हा कागद घेतला. क्रॉप सेन्सरवर ५० मिलिमीटर लावून कॅमेरा उभा धरला, तर जितकं अंतर त्याच्या निम्म्याहून थोडं कमी चौकटीत मावतं. हात वर केलेली मुलगी, वर-खाली थोडी मोकळी जागा धरून, साधारण सव्वादोन मीटर. म्हणजे जवळजवळ पाच मीटर मागे जायला हवं. तिची खोली चार मीटरची. ३५ मिलिमीटर असेल तर साडेतीन मीटर पुरे होतात, २४ असेल तर अडीचच्या आत काम होतं.

"पस्तीसला मी भिंतीला चिकटूनच राहणार," ती आकड्यांकडे बघत म्हणाली. "चोवीसला पुढे-मागे व्हायला जागा मिळेल. पण इतक्या जवळ गेले तर कडेचे हातपाय ताणल्यासारखे येतील का?"

"थोडे येतील. मधोमध ठेवलंस तर कमी."

ती कागदावर तिच्या खोलीचा चौकोन काढू लागली, दार कुठे, आरसा कुठे, मुली कुठून येतात. लिहायला वाकली तेव्हा मला तिची पाठ दिसली. काळ्या कुर्त्यावर दोन्ही खांद्यांपाशी भिंतीचा पांढरा रंग लागला होता, गोल गोल, चार दिवस टेकून टेकून.